एडिसनच्या तळघरातला जेटफायर: अस्सल आहे का, आणि त्याला पांढरा करू का?

मीनल_कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न खेळण्याचा आहे, पण उत्तर मोठ्या माणसांकडून हवंय, म्हणून ‘छंद’ विभागात टाकतेय. जागा चुकली असेल तर ॲडमिन हलवतीलच.

माझी मावशी कितीतरी वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहते. आता ती दोघं मोठं घर विकून लहान जागेत चालली आहेत. तळघर उपसताना मावसभावाच्या लहानपणच्या खोक्यातून एक विमान निघालं. मी तेव्हा तिथेच होते. दादा म्हणाला, “मीनू, ने हे पुण्याला, ओमला होईल.” आणलं.

विमानाचा रोबो होतो. दादाच्या म्हणण्यानुसार हा ट्रान्सफॉर्मर्समधला जेटफायर, १९८५ चा. अंग पांढरं, म्हणजे एके काळी पांढरं. आता नाकाचा भाग बरा आहे, पण एक पंख आणि डावा पाय जुन्या स्विचबोर्डासारखा पिवळा पडलाय. वरून लाल तुकडे चढवायचे असतात: पाठीवर दोन मोठे बूस्टर, हातापायांवर लाल कवचं. त्यातलं एका हाताचं कवच नाही. रोबोच्या डोक्यावर चार बारीक नळ्या आहेत, त्यातली एक अर्ध्यात तुटलीय. स्टिकरच्या कडा उचलल्यात. खोका नाही. कागदी सूचनापत्रक आहे, पण घडीवर फाटलेलं. उभा केला की हळूहळू गुडघ्यात बसतो.

आता प्रश्न.

हा खरा आहे का नकली, हे घरच्या घरी कसं बघायचं? पिवळेपणा काढता येतो म्हणे, काढू का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फोटो बघून “दीड-दोन लाख कुठे गेले नाहीत” असं ठोकून दिलंय, तेव्हापासून घरात कोणी त्याला हात लावायला तयार नाही. आणि ओम नऊ वर्षांचा आहे, तो रोज शाळेतून आल्यावर कपाटासमोर उभा राहतो. त्याला देऊ की नको?

निशिगंध

फोटो टाका ना. आणि दीड-दोन लाखवाल्याला म्हणावं, मग तूच घे.

पुठ्ठ्याचा_खोका

मीनलताई, सगळं वाचून होईपर्यंत त्याला पाणी, साबण, पेरॉक्साइड, ऊन यातलं काहीही दाखवू नका. ओमलाही दोन दिवस थांबायला सांगा.

मी अंबरनाथला प्लास्टिक मोल्डिंगच्या धंद्यात आहे. दाणा, डाय आणि रिजेक्शनचे क्रेट यांत आयुष्य चाललंय. त्यामुळे कुठलंही खेळणं हातात घेतलं की मला आधी रोबो दिसत नाही, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ) दिसते. घरचे याला आजार म्हणतात. जुने ट्रान्सफॉर्मर्स जमवतो, तेही बहुतेक या आजारापायीच.

आधी थोडी कुंडली, कारण जेटफायरच्या बाबतीत त्याशिवाय किंमत कळत नाही. हॅस्ब्रोने १९८४ मध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स आणले तेव्हा बहुतेक साचे जपानच्या ताकारा कंपनीचे होते, डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या तिच्या जुन्या मालिकांमधले. ऑप्टिमस प्राइमसुद्धा मूळचा डायाक्लोनमधला. जेटफायर मात्र त्या घरचा नाही. ते १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या जपानी मालिकेतलं व्हीएफ-१ विमान आहे, शोजी कावामोरींनी अमेरिकन एफ-१४ टॉमकॅट डोळ्यासमोर ठेवून बेतलेलं. त्याचं १/५५ प्रमाणातलं खेळणं ताकातोकू टॉइज ही कंपनी काढायची. १९८४ मध्ये ताकातोकूचं दिवाळं वाजलं आणि हे साचे बान्दाईकडे गेले. बान्दाई म्हणजे ताकाराचा थेट प्रतिस्पर्धी! म्हणून अमेरिकेत हॅस्ब्रोच्या खोक्यात जेटफायर विकला जात असताना जपानमध्ये ताकाराला तो आपल्या यादीत घेता आला नाही. कार्टूनमध्ये तर त्याचं रूप आणि नाव दोन्ही बदललं, तिथे तो स्कायफायर झाला.

याचा तुमच्याशी संबंध असा, की कंपनी बदलली तसा खेळण्यावरचा ठसा बदलला. सुरुवातीच्या मालावर ताकातोकूचं नाव कोरलेलं असतं आणि पंखावर मॅक्रॉसमधलं पतंगासारखं चिन्ह असतं. नंतरच्या मालावर बान्दाईचा ठसा येतो, पतंग जातो आणि फक्त ऑटोबॉटचा (ट्रान्सफॉर्मर्समधल्या चांगल्या पक्षाचा) लाल चेहरा उरतो. जमवणाऱ्यांमध्ये पहिल्याला मान जास्त, आणि भावही.

ठसा वाचायला खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून प्रकाश टाकलात तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं कधीच दिसणार नाहीत. कारखान्यात आम्ही सिंक मार्क, म्हणजे मालावर पडलेले उथळ खळगे, असेच शोधतो.

आता अस्सल-नकली. मॅक्रॉसमध्ये विमानाची लांबी १४.२३ मीटर दिलेली आहे. भागिले ५५ केलं की साधारण २६ सेंटीमीटर येतात. विमानाच्या रूपात फूटपट्टी लावा, नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत. बरंच कमी भरलं तर शंका घ्या. कारण सांगतो. हे खेळणं एबीएस प्लास्टिकचं आहे. एबीएस साच्यात गार होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. मूळ साचा करणारा हा हिशेब धरून साचा मोठा ठेवतो. नक्कल करणारा काय करतो? बाजारातलं तयार खेळणं आणतो, त्याच्यावरूनच साचा काढतो. मग त्याचा माल मूळ खेळण्यापेक्षा पुन्हा तेवढा आकसतो. दहा सेंटीमीटरच्या तुकड्यात अर्धा मिलिमीटर. डोळ्यांना हे दिसत नाही, पण व्हर्नियर कॅलिपर खोटं बोलत नाही. आणि नुसता आकार नाही, धारही जाते. पंखावरच्या पॅनेलच्या रेघा मूळ मालात नखाला लागतात. नकलेत त्या रेघा साबणाच्या वडीवरच्या नावागत गुळगुळीत झालेल्या असतात.

तुमचा तुकडा एकाच घरात पडून राहिलेला आहे, त्यामुळे पूर्ण नकली असण्याची शक्यता मला कमी वाटते. खरी भीती वेगळीच: विकत घेतलेल्या जेटफायरमध्ये अर्धं अंग अस्सल आणि उरलेलं जोडलेलं निघतं. बान्दाईने २००० नंतर व्हीएफ-१ चं १/५५ खेळणं पुन्हा बाजारात आणलं होतं. त्यातला पांढराशुभ्र भाग काढून जुन्या जेटफायरला बसवला की “बघा, अजिबात पिवळा नाही” म्हणायला मोकळे. लाल कवचांच्या नवीन नकलाही सुटी मिळतात. तुमच्याकडे नाक पांढरं आणि पाय पिवळा म्हणजे जोडकाम असं मात्र समजू नका. वेगवेगळे भाग साच्यातून वेगवेगळ्या वेळी निघालेले, कधी वेगळ्या लॉटच्या दाण्याचे असतात. एकाच खोक्यात, एकाच अंधारात ठेवलेले दोन पाय वेगवेगळे पिवळे पडलेले मी पाहिलेत.

आता हे बघा, आणि इथे घाई नको.

लाल कवचं एकेक करून हातात घ्या आणि आतल्या बाजूचे हुक बघा. लाल एबीएस वाकून ताणलं गेलं की वाकल्या जागी पांढरट रेघ उमटते. ती पुसून जात नाही, तीच त्या हुकाची आयुष्यरेषा. पुसट रेघ चालेल, पण रेघेच्या आत केसाएवढी काळी भेग असेल तर तो हुक पुढच्या वेळी तुटणार. लाल तुकड्यांचा रंग एकमेकांशी जुळतो का तेही दिवसाच्या उजेडात बघा. यूव्ही टॉर्च मिळाली तर उत्तमच, नवीन प्लास्टिक त्याखाली जुन्यापेक्षा वेगळं दिसतं.

मग स्क्रू. खाचांची तोंडं कुरतडलेली असतील तर आत कोणी तरी डोकावलंय. तुमच्या बाबतीत तो दादाच असणार, पण विकत घेताना हा प्रश्न विचारायचा असतो. पिनांच्या टोकाशी गंज किंवा पांढरी पूड दिसते का पाहा. धातूचे भाग आहेत त्यात.

गुडघ्यात बसण्याचं सांगा: पाय लुळा पडतो तो धातूच्या सांध्यापाशी की प्लास्टिकच्या? विमानाचे पाय ज्या धातूच्या दांडीवर खाली येतात, तिथे ढिलाई असेल तर ती जुनीच खोड, घाबरू नका.

डोक्यावरच्या नळीचं वाईट वाटलं. चार नळ्या म्हणजे व्हीएफ-१एसचं डोकं, आणि त्या चारही शाबूत असलेला तुकडा दिसला की मी अजून खुर्ची पुढे ओढतो.

ढोबळमानाने

खोकासाहेबांचं ज्ञान अफाट, पण सर्वसामान्य माणसाला शेवटी पांढरा रोबो हवा असतो हो. मीनल, यूट्यूबवर ‘रेट्रोब्राइट’ शोधा. सलूनवाल्यांकडे केस ब्लीच करायचं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम मिळतं. ते लावायचं, वर क्लिंग फिल्म गुंडाळायची, पुण्याच्या उन्हात गच्चीवर ठेवायचं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड संध्याकाळपर्यंत नवा झाला होता. एवढं सोपं असताना पिवळा ठेवण्यात काय मोठेपणा?

पुठ्ठ्याचा_खोका

ढोबळमानाने, पेरॉक्साइड आणि यूव्ही मिळून रंग उतरवतात हे खरंच आहे, त्यात वाद नाही. कीबोर्डाला मीही नाही म्हणणार नाही. कीबोर्डाला रंगीत स्टिकर नसतात, छापील चिन्हं नसतात, रबराची चाकं नसतात, आणि त्याचं बटण उडालं तर दुसरं मिळतं.

पिवळेपणा वरून चढलेला मळ नाही. एबीएसमधला ब्युटाडीन, म्हणजे त्यातला रबरासारखा घटक, हवेतल्या ऑक्सिजनने आणि उजेडाने बदलतो. त्या काळच्या मालात आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमीनची संयुगं असली तर आणखी पिवळं. पेरॉक्साइडने रंग जातो, झीज भरून येत नाही. जो पाय पिवळा आहे तो आतून तितकाच म्हातारा राहतो, फक्त आता तो दिसत नाही. आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. पिवळा पाय बघून माणूस हात जपून लावतो. पांढरा केलेला पाय बघून ओम निर्धास्त वळवेल आणि तो सांध्यात काडकन जाईल.

शिवाय रंग परत येतो. किती दिवसांनी, ते ठेवणीवर. एकदा मुंबईत एका संग्राहकाकडे पांढरा केलेला जेटफायर दाखवायला काढला होता. क्रीम जिथे जाड बसलं तिथे खडूसारखा पांढरा, कडांना पिवळा, आणि छातीवर ब्रशच्या फटकाऱ्यांचे ढग. मालक म्हणत होता, “लांबून बघा.” लांबून बघायला मी पोस्टर घेईन ना.

विकायचा असेल तर अजून एक. पांढरा केलाय हे सांगावं लागतं. न सांगता विकणाऱ्याला या छंदातले लोक माफ करत नाहीत.

टोरंटोकर

मीनल, मी दरवर्षी इथल्या टीएफकॉनला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सवाल्यांच्या मेळाव्याला जातो, विक्रेत्यांच्या टेबलांवर जेटफायर हमखास असतो. थोडं भावाबद्दल लिहितो, कारण पुठ्ठ्याचा खोका ते मुद्दाम टाळतोय (नमस्कार रे!).

ईबेवर लोक काय मागतात ते बघू नका, काय विकलं गेलं ते बघा. ‘सोल्ड’चं फिल्टर लावा. मागण्याला कोणी पैसे घेत नाही. तिथे तुम्हाला तीन जग दिसतील. सील न फोडलेला खोका, त्यातही एएफए वगैरे संस्थेने गुण देऊन ॲक्रिलिकमध्ये बंद केलेला: तो आकडा तुमच्या सोसायटीवाल्या काकांच्या डोक्यात बसलाय. मग खोका, थर्माकोल, कागद, सगळी कवचं असलेला, पांढरा तुकडा. आणि सगळ्यात खाली सुटा, अपुरा, पिवळा. तुमचा तिसऱ्यातला. या तीन थरांमध्ये दुपटीतिपटीचा नाही, त्याहून बराच मोठा फरक असतो. तुमच्यासारख्या तुकड्याला अमेरिकेत गिऱ्हाईक आहे, पण बहुतेक वेळा सुटे भाग काढायला. पुण्यातून पाठवण्याचा खर्च धरला तर हातात फार काही उरणार नाही.

गुण देणाऱ्या संस्थेकडे सुटा पिवळा तुकडा पाठवून पैसे घालवू नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

एक गोष्ट जेटफायरच्या बाजूने. ऑप्टिमस, साउंडवेव्ह, स्टारस्क्रीम यांच्या जुन्या साच्यांतून हॅस्ब्रो आणि ताकाराने नंतर पुन्हा माल काढला, त्यामुळे त्यांच्यात मूळ कुठला आणि नंतरचा कुठला ही वेगळीच डोकेफोड असते. २००२ च्या ऑप्टिमसच्या धुराच्या नळ्या सुरक्षेच्या नियमांमुळे आखूड केल्या, हे तर इथल्या पोरांनाही पाठ आहे. जेटफायरचा मूळ साचा हॅस्ब्रोच्या हातात नव्हताच, त्यामुळे त्याचं तसं पुनर्मुद्रण झालं नाही. वर मॅक्रॉसच्या हक्कांची भानगड. २०१३ मध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉनसाठी हॅस्ब्रोने काढलेल्या एका संचातल्या जेटफायरवरून मॅक्रॉसचे हक्क सांगणाऱ्या हार्मनी गोल्ड या अमेरिकन कंपनीने दावा ठोकला होता, पुढे तो तडजोडीत मिटला. म्हणून ट्रान्सफॉर्मर्सचं नाव असलेला जुना जेटफायर म्हणजे ८० च्या दशकातलाच, एवढं गृहीत धरून पुढे जाता येतं.

ओमला खेळायला हवा असेल तर हॅस्ब्रोच्या ‘सीज’ मालिकेतला जेटफायर शोधा. लाल कवचं त्यालाही आहेत, मोठा आहे, सांधे घट्ट, आणि तुटला तर कोणी रडत नाही. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. तेव्हा कोणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्याकडूनच मागवा.

मीनल_कोथरूड

सगळ्यांचे आभार. एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. काल रात्री ओम झोपल्यावर दिवे बंद करून आम्ही दोघं टॉर्च घेऊन बसलो. नवऱ्याने व्हर्नियर ऑफिसातून आणला.

लांबी पंचविसाच्या थोडी पुढे भरली. टॉर्च आडवा धरल्यावर ठसा खरंच उठून दिसला, बान्दाईचा आहे. ताकातोकू कुठे सापडलं नाही. पंखावर पतंगही नाही, फक्त लाल चेहरा, आणि त्याच्याजवळ एक चौकोनी काळपट स्टिकर आहे ज्यात काहीच दिसत नाही.

कवचांचे हुक बघितले. पायाच्या एका कवचाच्या हुकावर पांढरी रेघ आहे, काळी भेग दिसली नाही. बाकीचे ठीक. स्क्रू कोणी उघडलेले वाटत नाहीत. दादाला विचारलं तर म्हणाला, “आई मला स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू द्यायची नाही.”

गुडघ्यातला ढिला सांधा प्लास्टिकचा आहे, धातूच्या दांडीचा नाही. त्याला काही उपाय? आणि काळं स्टिकर काय आहे?

खरं सांगायचं तर दीड-दोन लाख गेले याचं मला बरंच वाटलं. आता निदान त्याच्याकडे बघता येईल.

पुठ्ठ्याचा_खोका

वा, हे काम झालं! अशी माणसं इथे प्रश्न विचारायला आली तर मी रोज लिहीन.

काळ्या चौकोनावर बोट ठेवून जरा घासा, उबेने रंग बदलेल आणि आत ऑटोबॉटचं चिन्ह दिसेल. बोट काढलं की परत काळं. १९८५ पासून खेळण्यांवर हे उष्णतेने बदलणारं स्टिकर यायला लागलं, नकली मालापासून वेगळं ओळखता यावं म्हणून. इतक्या वर्षांनी काहींचं मरतं. तुमचं चालत असेल तर ओमला नक्की दाखवा, पण हेअर ड्रायर वगैरे लावू नका. बोटाची ऊब पुरे.

बान्दाईचा ठसा आणि पतंग नाही, म्हणजे नंतरचा माल. या कथेत जास्त सापडणारा तोच. माझं मत विचाराल तर: अस्सल, एकहाती, कोणी न उघडलेला, एक कवच आणि अर्धी नळी कमी, पिवळा. माझ्या दृष्टीने “कोणी न उघडलेला” हे त्यातलं सगळ्यात चांगलं विशेषण आहे, रंगापेक्षा कितीतरी वर. हुकांवर फक्त एकच ताणरेघ याचा अर्थ दादाने कवचं चढवली-काढली पण ओढाताण केली नाही. अशी मुलं कमी असतात.

गेलेलं कवच अस्सल मिळवायचं असेल तर सुट्या भागांच्या लिलावावर लक्ष ठेवा. नवीन नक्कल बसवलीत तरी चालेल, पण आतल्या बाजूला बारीक खूण करून ठेवा म्हणजे पुढे कोणाची फसगत व्हायला नको. नळी चिकटवायला तुटलेला तुकडा नाहीच, तर नवं काही लावू नका. तशीच राहू दे.

गुडघ्याबद्दल. प्लास्टिकचा घर्षणावर चालणारा सांधा ढिला झाला म्हणजे गोल भाग झिजलाय. लोक सुपरग्लूचा पातळ थर देऊन, पूर्ण वाळू देऊन, जाडी वाढवतात. नव्या खेळण्यात हे मीही करतो. इथे करणार नाही: त्यासाठी सांधा उघडावा लागेल, आणि न उघडलेला हाच तुमच्या तुकड्याचा मोठा गुण. डब्ल्यूडी-४० किंवा शिलाई मशीनचं तेल तर बिलकुल नको. तेल ताणलेल्या प्लास्टिकमध्ये शिरलं की भेगा वाढतात. कपाटात विमानाच्या रूपात ठेवा, मग गुडघ्यावर भार येतच नाही.

साफसफाई: स्टिकर सोडून बाकीच्या भागाला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. पूर्ण बुडवू नका, आत स्क्रू आणि पिना आहेत, पाणी राहिलं की गंज. स्पिरिट नको, छपाई निघते. उचललेल्या स्टिकरच्या कडा बोटाने दाबून बसत नसतील तर तशाच ठेवा, फेविक्विकचा मोह आवरा.

ढोबळमानाने

हरलो बुवा. पण खोकासाहेब, एक सांगा. ठेवायचा कसा? आमच्याकडे काचेच्या कपाटात एलईडी लावलेत.

पुठ्ठ्याचा_खोका

एलईडीत यूव्ही नगण्य असतो, त्यामुळे तो ट्यूबलाइटपेक्षा बरा, पण कपाट बंद आणि दिवा सतत चालू असेल तर आत ऊब साठते. दिवे पाहुणे आले की लावा. खिडकीसमोरची भिंत टाळा, पुण्यात पश्चिमेची तर नक्कीच.

बंद करून ठेवायचा असेल तर थेट बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, महिन्यांनी फोडांचे गोल डाग पृष्ठभागावर उमटतात. मऊ पीव्हीसीची पिशवी, रेक्झिन, रबर बँड, थर्माकोलला टेकलेली रबरी चाकं, यातलं काही नको. मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश दुसऱ्या प्लास्टिकला चिकटतो. साधा पांढरा टिश्यू कागद, त्यावर पुठ्ठ्याचा खोका (माझं नाव उगाच नाही), आत सिलिका जेलची पुडी. लाल कवचं काढून वेगळ्या कागदात, कारण चढवलेलं ठेवलं तर हुक सतत ताणात राहतात.

मीनल_कोथरूड

स्टिकर चालतं! बोट ठेवल्यावर चेहरा आला. ओमने स्वतः केलं.

तूर्तास असं ठरवलंय: आठवड्यातून एकदा, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. पाय दांडीवरून खाली आणायचं काम माझं, पंख मागे-पुढे करायचं ओमचं. कवचं चढवायची नाहीत. ‘सीज’वाल्यासाठी दादाला मेसेज टाकलाय, तो दिवाळीत येतोय.

आणि खोकासाहेब, पायातली छोटी चाकं बाहेर काढायची झाकणं उघडत नाहीयेत. ओढू का?

पुठ्ठ्याचा_खोका

ओढू नका! नखाने कडेला अलगद, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने. नाही आली तर राहू द्या. फोटो टाका, बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते खूण करून सांगतो.